पुसून टाकलेली हळदीची गाणी

माझ्या आयुष्यातला एकमेव स्टुडिओ धानाच्या खोलीत होता. गोंदिया जिल्ह्यात, कामठ्याजवळच्या आमच्या गावी, दोन हजार सहा की सात साली, मी कॉम्प्युटर आणि एक माइक घेतला. गाणी भरायचं सॉफ्टवेअर कुठून आणलं ते विचारू नका. चुरणं, म्हणजे धानाची मळणी, आटोपलं की त्या खोलीत भिंतींना लागून वरपर्यंत धानाचे कट्टे रचलेले असत आणि मधे एका खाटेपुरती जागा उरे. तिथे बोललेला शब्द कुठे आदळत नसे, पोतीच तो पिऊन टाकत. शहरातल्या स्टुडिओत यासाठी भिंतींना फोम लावतात म्हणे. आमच्याकडे तो शेतात पिकतो, असं मी गावभर सांगत सुटलो होतो.

या स्टुडिओची गायिका एकच, माझी मोठी माय, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. आमच्या पोवार समाजाच्या लग्नातली सगळी गाणी तिला पाठ. गावात कुणाकडेही मांडव पडला की हळदीचं पहिलं बोलावणं तिला जाई. वैशाखात तिच्या नातीचं लग्न होतं, आणि तिच्या हळदीला गाणी मीच म्हणणार, असा शब्द तिने नातीला ती एवढीशी असतानाच देऊन ठेवला होता. पण समोरचे चार दात हलायला लागले. गोंदियाच्या डॉक्टरने ते काढावेच लागतील म्हणून सांगितलं. मोठी माय तिथून आली ती सरळ माझ्याकडे.

"दात आहेत तवर माहा आवाज तुह्या डब्यात भरून ठेव," ती म्हणाली. "मंग मले चिंता नाई."

पौषातल्या आठ-दहा दुपारी आम्ही खोलीत बसलो. मी स्वतःला फार मोठा संगीतकार समजत होतो, त्यामुळे तिच्या कानांना हेडफोन लावून त्यात ठेक्याची टिकटिक सोडली.

"हे टिकटिक कोनाची गा?"

"तालाची. तिच्यासोबत म्हण."

"माह्या गान्यानं हिच्या मागं काऊन धावाचं?"

धावावं लागेल, असं मी तिला बजावलं. मोठी माय गाता गाता मधेच थांबायची. हळदीच्या गाण्यात व्याह्यांची टिंगल असते, ती नेमकी कोणाला लागू पडते हे तिला मला समजावून सांगायचं असे. मग ती स्वतःच हसायची, दारात आलेल्या कोंबडीला हाकलायची आणि पुन्हा भलत्याच लयीत सुरू करायची. माझं डोकं फिरायचं. रेकॉर्डिंग चालू असतानाच मी म्हणायचो, "हे नाही जमलं, मोठी माय. पुसतो." ती म्हणायची, "पुस बापा, तुले समजते." मग मी बटण दाबायचो.

असं पुसत पुसत बारा गाणी तयार झाली. ठेक्यात, एकसारखी, एकही हसू नसलेली. खाली मी कीबोर्डचे सूर घातले. मग सगळा प्रोजेक्ट एका सीडीवर उतरवला. बाराही गाणी सीडीच्या एका कोपऱ्यात मावली, बाकी सगळी जागा रिकामी. आपण किती काटकसरीने काम करतो याचं मला कौतुक वाटलं. इतक्या मोठ्या गाण्यांनी एवढी कमी जागा का घेतली, हा प्रश्न मला पडला नाही.

फाल्गुनात दात गेले. कवळी झाली, पण ती डबीतच राहिली. "दुसऱ्याचं तोंड घालून राहिल्यासारखं वाटते," असं मोठ्या मायचं म्हणणं. बोलताना ती पदर तोंडाशी धरू लागली, आणि गाण्याचं कोणी म्हटलं की माझ्याकडे बोट दाखवायची.

चैत्रात लोडशेडिंगने उच्छाद मांडला. एका सकाळी काम चालू असताना वीज तीनदा गेली आणि तीनदा आली. चौथ्यांदा सुरू केल्यावर कॉम्प्युटरने इंग्रजीत मला अगदी अदबीने विचारलं, आतली डिस्क वाचता येत नाही, फॉरमॅट करू का? मी 'हो' म्हटलं. मला वाटलं, काही दुरुस्ती करत असेल बिचारा. डिस्क कोरी झाली तरी मी घाबरलो नाही. ऐटीत सगळं सॉफ्टवेअर नव्याने टाकलं आणि सीडी लावली.

पडद्यावर बाराही गाणी आली. नावं होती, रंगीत पट्ट्या होत्या, कुठे कीबोर्ड वाढतो त्या खुणासुद्धा होत्या. मी सुरू केलं. रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकत गेली आणि आवाज काही आला नाही. मी सीडीवर फक्त प्रोजेक्टची फाइल घेतली होती. ती म्हणजे कोणाला कुठे बसवायचं याची यादी. बसणारे, म्हणजे खरे आवाज, सगळे त्या पुसलेल्या डिस्कवर होते.

आठ दिवस मी मोठ्या मायच्या समोर गेलो नाही. नवव्या दिवशी तीच आली, म्हणून सांगावं लागलं. मला वाटलं शिव्या देईल. ती म्हणाली, "कवळी घालून येतो मंग."

कवळी घालून ती आली, पण तोवर धान विकून झालं होतं. रिकाम्या खोलीत तिचा आवाज विहिरीत पडल्यासारखा घुमला. कवळी सरकत होती, प्रत्येक 'स' शिट्टी मारत होता. एक गाणं झालं. तिला ऐकवलं तर तिने हेडफोन काढून माझ्या हातात दिला.

"हे कोन म्हातारी होय?" तिने विचारलं. ती थट्टा करत नव्हती. त्या क्षणी मला माझी इतकी लाज वाटली की मी खोलीतून उठून बाहेर गेलो.

दुसऱ्या दिवशी डिस्क पिशवीत घालून गोंदियाला नेली. तिथे बाजारात कॉम्प्युटर दुरुस्त करणारा एक जण पुसलेल्या फायली शोधून देतो, असं ऐकलं होतं. त्याने डिस्क ठेवून घेतली. दहा दिवसांनी गेलो तर म्हणाला, "भैया, आवाज तो आ रही है, नाम नहीं आ रहे." नुसत्या आकड्यांच्या फायली होत्या. आम्ही एकेक ऐकत बसलो. माझी बारा गाणी त्यात नव्हती. मी ऐटीत जे सॉफ्टवेअर नव्याने टाकलं, ते नेमकं त्यांच्याच जागेवर जाऊन बसलं होतं. परत आलं होतं ते सगळं मी पुसलेलं. कोंबडी, खोकला, व्याह्यांची टिंगल आणि भलत्या लयीतली गाणी.

"कौनसा रखना है?" त्याने विचारलं. मी म्हटलं, सगळंच द्या.

घरी येऊन मोठ्या मायला आधीच सांगून टाकलं, गाणी मिळाली नाहीत, हा नुसता कचरा आहे. तिने डोळे मिटून ऐकलं. पहिलं गाणं, दुसरं, तिसरं. मधे स्वतःच्याच हसण्यावर हसली. मग डोळे उघडून म्हणाली, "हे तं बराबर आहे. हे कायले फेकलं होतं गा?"

मी पुढचं गाणं लावलं.

हळदीच्या दिवशी मांडवात स्पीकर लावला. तिच्या आवाजात पहिली ओळ आली, आणि नातीभोवती बसलेल्या बायांनी दुसरी लगेच उचलली. डिस्क कोरी होण्याआधी मी त्या ठेक्यातली बारा गाणी शेजारच्या बायांना ऐकवली होती, तेव्हा कोणाला सूर लावता आला नव्हता. इथे मोठी माय श्वास घ्यायला थांबली की त्याही थांबत होत्या. तिलाही राहवलं नाही. पदराआडून तीही स्वतःच्याच मागोमाग म्हणू लागली. नात हळदीने माखलेली, आजीकडे बघत होती.

गडबडीत फायलींचे शेवट कापायचे राहून गेले होते. गाणं संपलं आणि भर मांडवात स्पीकरमधून माझाच आवाज आला, मोठा, तिरसट: "हे नाही जमलं, मोठी माय. पुसतो."

बाया माझ्याकडे बघायला लागल्या. मला तोंड लपवायला जागा नव्हती. स्पीकरमधली मोठी माय तिच्या दातांनिशी स्वच्छ म्हणाली, "पुस बापा, तुले समजते."

मांडवातली मोठी माय एवढी हसली की तिच्या तोंडावरचा पदर सुटला, आणि तिने तो परत धरला नाही.