घाई नसलेला जंतू

माझा स्वभाव उतावळा. भाताचा कुकर गार होईपर्यंतही मला धीर निघत नाही. अशा बाईनं क्षयाच्या जंतूवर संशोधन करायला घ्यावं, ही आमच्या मार्गदर्शक मॅडमनी केलेली चेष्टाच म्हणायची.

हा जंतू इतरांसारखा एका रात्रीत वाढत नाही. त्याच्याभोवती चरबीची, मेणासारखी भिंत असते. तपासणीचा तांबडा रंग आत शिरावा म्हणून काचपट्टी खालून वाफ येईपर्यंत तापवावी लागते, आणि एकदा शिरलेला रंग आम्लानं धुतला तरी सुटत नाही. शरीरातल्या पेशींनी गिळलं तरी या भिंतीमुळे तो सहजी पचत नाही, आणि बरीचशी औषधंही तिथंच अडतात. अन्नसुद्धा आत झिरपत झिरपत जातं, मग वाढ कुठली व्हायला? मी त्याच चरबीचा अभ्यास करत होते आणि रोज मनातल्या मनात त्या जंतूला शिव्या घालत होते.

बाहेर पुण्याला भलतीच घाई झाली होती. दोन हजार साल उजाडलं की संगणक तारखा विसरणार, म्हणून कंपन्या पोरापोरींना भराभर अमेरिकेला धाडत होत्या. माझी धाकटी बहीण त्यांतलीच एक. नारायण पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत तिची नवी बॅग पलंगाखाली मावेना, म्हणून दाराशीच उभी असायची. येता-जाता मला तिची ठेच लागायची.

अशात तिचा खोकला लांबला. एक्स-रेवर उजवीकडे पुसट डाग दिसला. डॉक्टर म्हणाले, "क्षय असेल, साधा न्यूमोनियाही असेल. पण थुंकीतले जंतू वाढवून बघायचे, त्या कल्चरचा निकाल येईपर्यंत मी प्रवासाच्या कागदावर सही करणार नाही."

मी आमच्या प्रयोगशाळेतून दोन निर्जंतुक बाटल्या आणल्या आणि दोन सकाळी तिची थुंकी घेतली. पहिल्या नमुन्यात सूक्ष्मदर्शकाखाली तुरळक तांबड्या काड्या दिसल्या, दुसऱ्यात एकही नाही. आता भरवसा कल्चरचाच. अंड्यांपासून केलेल्या हिरवट खाद्याच्या नळ्यांत दोन्ही नमुने घालून मी उबेच्या पेटीत ठेवले. मग माझं चित्त थाऱ्यावर राहीना. आठवड्यातून एकदा बघायचा नियम असताना मी रोज सकाळी पेटीचं दार उघडून बघायची.

पहिल्याच आठवड्यात पहिल्या नळीत नारिंगी, गुळगुळीत थर आला. मी ती घेऊन मॅडमकडे धावले. मॅडमनी नळी उजेडात धरली.

"अहो, क्षयाचा जंतू इतक्यात उगवला असता तर तुम्ही केव्हाच डॉक्टरेट घेऊन घरी गेला असता. हा पाण्यातला त्याचा भाऊबंद, बहुधा निरुपद्रवी. मेण त्यालाही असतं, म्हणून रंग त्यानंही धरला. बाटली कुणी धुतली होती का?"

घरी येऊन विचारलं.

"धुतली की," बहीण म्हणाली. "बाहेरची वस्तू आपल्याकडे धुतल्याशिवाय कधी वापरतात का?"

खरंच होतं. आमच्या आईच्या राज्यात दुकानातून आलेली पाकिटबंद चहापूडसुद्धा नळाखालून जायची.

"आणि दुसरी?"

"त्या दिवशी पाणी गेलं होतं."

आईनं शिरा केला. बहिणीनं तिकिटाची तारीख पक्की करून टाकली. "दुसरी नळी बाकी आहे," असं मी म्हटलं की ती म्हणायची, "ताई, तुला चांगलं झालेलं बघवतच नाही." राग यायचा, पण तिचंच खरं ठरावं असंही वाटायचं. एव्हाना खोकलाही उतरला होता. मी मात्र रोज ते दार उघडत होते.

प्रवास अगदी तोंडावर आला तेव्हा दुसऱ्या नळीत काही कण दिसले. कोरडे, खडबडीत, पिवळसर, रव्याच्या लाडवाचा चुरा सांडावा तसे. तसे कण मी शेकड्यांनी पाहिले होते. तरी मॅडमना दाखवले. यावेळी त्या खोचक काही बोलल्या नाहीत. "घरी जा," एवढंच म्हणाल्या.

बहीण बॅग भरत होती. मी चपलाही न काढता सांगितलं.

"नक्की?"

"नक्की."

तिनं भरलेले कपडे एकेक करून बाहेर काढायला सुरुवात केली. ना रडली, ना चिडली. मी बोलतच सुटले: औषधं महिनोन् महिने का घ्यावी लागतात, ती भिंत कशी असते, चरबीचे थर कसे असतात, गोळ्यांपैकी एक नेमकी ती भिंतच कशी बांधू देत नाही. वर्षानुवर्षं साठवलेलं सगळं मी तिच्यापुढे ओतलं.

"ताई, भिंत राहू दे," ती म्हणाली. "मी बरी होईन का, तेवढं सांग."

पुराव्याशिवाय विधान करायचं नाही, हे माझ्या अंगात भिनलेलं होतं.

"होशील," मी म्हणाले, आणि तिच्या हातातला स्वेटर घेऊन कपाटात ठेवला.