ओसरीवरचं पथ्याचं पुस्तक

सीताफळ खायला बसलं की बिया आपोआप साठतात. लक्ष सगळं गराकडे असतं. हात धुवायला उठलं की कळतं, अरे, एवढा ढीग आपलाच! आमच्या घाटनांदूरच्या ओसरीवरचे किस्से असेच साठलेत. आम्ही बसलो होतो निवांत, पथ्याचं पुस्तक ऐकत. ढीग मागून दिसला.

माझा थोरला भाऊ, दादा, मोमिनाबादच्या कचेरीत कारकून. दिवाळीची सुट्टी लागली की तो घरी यायचा, आणि येताना इंग्रजी मुलखातल्या बार्शीच्या बाजारात घेतलेलं एक जाड पुस्तक आणायचा. तब्येतीला चांगला स्वयंपाक कसा करावा, काय खावं, काय टाळावं, असलं सगळं त्यात. कव्हर फाटलेलं, त्यामुळे त्याचं खरं नाव कुणालाच ठाऊक नाही. आम्ही त्याला पथ्याचं पुस्तक म्हणायचो.

ऐकणारे चौघे. मी. गणपा पैलवान, ज्याला पथ्य या शब्दाचीच भीती. दगडू शिंपी, दिवाळीचे कपडे शिवून मोकळा झालेला. आणि रहीमचाचा, सीताफळं-पेरू विकणारे, आबांच्या वयाचे. आबा म्हणजे आमचे वडील. शेतकऱ्याला, शिंप्याला आणि फळवाल्याला सुट्टी कोण देणार? पण दादा घरी आला की आमच्याही सुट्ट्या लागायच्या! रेडा पाण्यात बसावा तसे आम्ही ओसरीवर बसायचो आणि दादा वाचायचा.

*

एकदा दादानं वाचलं, "प्रत्येक घास पुष्कळ वेळ चावावा. घाई करू नये."

गणपानं लगेच भाकरी मागवली. म्हणाला, "खायचं पुस्तक उपाशीपोटी ऐकणं पाप हाय." पहिला घास तोंडात टाकला आणि डोळे मिटून चावत बसला. चावतोय, चावतोय. आम्हालाही कौतुक वाटलं. दादा पान उलटून पुढं गेला.

गणपानं डोळे उघडले तेव्हा ताट रिकामं! शेजारी दगडू मिशा पुसत होता.

"आरं, माझी भाकरी?"

"तुझं चावणं चालू होतं. मला वाटलं तुला तेवढी बास हाय."

गणपा दादाकडे वळला, "ह्या पुस्तकात चोराला काय पथ्य हाय, ते वाचा आधी!"

*

आता सांगतो ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. यंदा आषाढात दादा तापानं गेला. चार शब्दांत सांगितलं, पण ते सांगायला चार महिने लागले.

तेव्हापासून आबांनी जेवण सोडलं. सोडलं म्हणजे तसं बोलले नाहीत. आई ताट नेऊन ठेवायची आणि तसंच परत आणायची. कधी घोटभर ताक, कधी तेही नाही. आतल्या खोलीत बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडून. हकीम येऊन गेले. बाहेर येऊन मला म्हणाले, "दवा मैं देऊंगा, पर खाना तो उनकूच खाना पडेगा. ऐसाच रहा तो जाडे नहीं निकलेंगे." म्हणजे थंडी काही काढणार नाहीत. एक गेलाच होता. आता दुसऱ्याची पाळी, आणि मी बघत उभा.

दिवाळी आली. आमच्या घरी पणती नव्हती. पण सुट्टी लागायच्या दिवशी तिघे ओसरीवर हजर! रहीमचाचा, गणपा, दगडू.

मी चिडलो. "आता कावून आलात? वाचणारा गेला."

रहीमचाचा टोपली खाली ठेवत म्हणाले, "छुट्टी लगी ना? तू पढ."

"मला धड वाचता येत न्हाई." खरंच होतं. दादानं मला बाळबोध लिपी शिकवायला घेतली होती. जोडाक्षरं आली तेव्हा मी पळालो.

दगडू म्हणाला, "मग तुटक वाच. आमाला कुठं परीक्षा द्यायची हाय!"

*

मोमिनाबादेहून आलेल्या दादाच्या सामानातून पुस्तक काढून मी वाचायला बसलो. एक एक अक्षर, ठेचा लागत. "ज-जेवणापूर्वी... आ-आल्याचा रस काढावा."

गणपा दचकला. "आल्याचा? म्हंजे जो येईल त्याचा?"

तेवढ्यात दारात गावचे पटवारी उभे. हातात छत्री. आबांची विचारपूस करायला आले होते.

दगडू हळूच म्हणाला, "आला बघा. पैलवान, उठा!"

पटवाऱ्यांना काही कळलं नाही. पण गणपा खरंच उभा राहिला आणि बाह्या वर करायला लागला, तेव्हा त्यांना एकदम काम आठवलं. छत्री आमच्याच ओसरीवर राहिली!

*

दुसरी गंमत साराची. त्या पुस्तकात दर धड्याच्या शेवटी 'सार' असं ठळक लिहिलेलं. दादा वाचायचा तेव्हा तिथं आल्यावर "झालं, उरलेलं तेच ते" म्हणून पुस्तक मिटायचा, म्हणून आम्हाला पत्ताच नव्हता. मी मात्र काहीच सोडत नव्हतो.

"सार. थोडे घ्यावे, सावकाश करावे, मन प्रसन्न ठेवावे."

"कशाचं सार?" गणपा म्हणाला. "चिंचेचं का आमसुलाचं?"

"ते लिहिलं न्हाई."

"पुस्तकं छापणारे पुण्याकडचे लोक लई धूर्त," दगडू म्हणाला. "जिन्नस दडवून ठेवतात."

ठरलं, चिंचेचं करायचं. थोडं करायचं आणि सावकाश करायचं, हे सोपं. पण करणाऱ्याचं मन प्रसन्न पाहिजे! चुलीपाशी बसायचं कुणी? सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. आमच्यात प्रसन्न माणूस कुठून आणायचा?

रहीमचाचा म्हणाले, "गणपा बैठेगा. तुम दोनो उसकू हंसाव."

मग गणपा अंगणातल्या चुलीपाशी, हातात पळी, आणि आम्ही दोघे त्याच्यापुढे वेडेवाकडे चाळे करतोय. दगडूनं पटवाऱ्यांची छत्री उघडून पटवाऱ्यांची चाल करून दाखवली. गणपा हसता हसता चुलीत पडता पडता राहिला. आणि मागून, दाराआडून, आणखी एक हसू आलं. पदर तोंडावर धरलेलं.

आई! आषाढापासून पहिल्यांदा.

सार घेऊन मी आत गेलो. आबा भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले, "घेऊन जा." मी घेऊन आलो. पण आईनं ती वाटी माझ्या हातातून घेतली आणि तिथंच उभ्या उभ्या संपवली. आम्ही चौघे फड जिंकल्यासारखे एकमेकांकडे बघत होतो!

पुढे केजहून आलेल्या एका पाहुण्यानं सांगितलं की, सार म्हणजे धड्याचं तात्पर्य. दगडूनं त्याला सुनावलं, "तुमच्या केजात आसंल. आमच्या घाटनांदुरात ते पिऊन झालं!"

*

एके दिवशी निघालं, "भाजी शिजताना वाफ बाहेर जाऊ देऊ नये. वाफेतच खरे सत्त्व असते."

गणपानं स्वयंपाकघराचं दार लावलं. दगडूनं खिडकी लावली. मी आढ्यावर चढून धूर जायच्या धाराण्यात पोतं कोंबलं. वाफच काय, माशीसुद्धा बाहेर जाणार नव्हती! आत भोपळ्याची भाजी, ओलं सरपण आणि आम्ही तिघे.

थोड्याच वेळात दार फोडल्यासारखं उघडून आम्ही बाहेर आलो. डोळ्यांतून धारा, नाकातून धारा. गणपा तर जमिनीवर बसून हुंदके देत होता.

नेमके शेजारचे सोपानकाका आले. त्यांनी हे पाहिलं आणि त्यांना वाटलं, दादाच्या आठवणीनं पोरं कोसळली. ते गणपाच्या गळ्यात पडले. "आसा माणूस न्हाई रं होणार!" म्हणून मोठ्यानं रडायला लागले. त्यांचा आवाज ऐकून अजून दोन घरची माणसं आली. अंगण भरलं!

रहीमचाचा मधे उभे राहून ओरडत होते, "अरे रोव मत! भाजी है, भाजी!"

सगळे थांबले, हसले, आपापल्या घरी गेले. मी मात्र गोठ्यामागे जाऊन अजून बराच वेळ डोळे पुसत होतो. धूर लई होता त्या दिवशी.

*

सुट्टीच्या मधल्या बाजाराला रहीमचाचा केजला गेलते. पुस्तकातलं त्यांना एक वाक्य पाठ झालं होतं, ताजं फळ पोटाला थंडावा देतं. बाजारात त्यांनी त्याची आरोळी केली. "किताब में लिखा है! सीताफळ खाव, हकीम भगाव!" हकीम भगावचं पुस्तकात काही नव्हतं, पण टोपली दुपारच्या आत जवळजवळ रिकामी.

एका जमादारानं अडवलं. "कौनसी किताब में लिखा है? दिखाव."

चाचा म्हणाले, "साहब, किताब छुट्टी पे है!"

जमादार हसत गेला, आणि जाताना राहिलेली दोन फळं घेऊन गेला!

*

आता शेवटचा.

सुट्टीचा शेवटचा दिवस. सकाळपासून मी वाचत होतो ते साबूदाण्याबद्दल. भिजवावा कसा, आजाऱ्याला द्यावा कसा. आई आबांचं ताट घेऊन आत गेली. आई परत आली. ताटातली भाकरी तशीच, वरणावर साय धरलेली.

ती माझ्यासमोरून ताट घेऊन गेली आणि माझं डोकं फिरलं. उद्या हे तिघे आपापल्या कामाला लागणार. मी एकटा त्या दारासमोर. मी पुस्तक तोंडासमोर धरलं आणि आतल्या खोलीच्या दिशेनं, होता नव्हता तेवढा आवाज काढून वाचलं,

"मोगलाईतील ज्वारी निःसत्त्व असते! तिची भाकरी आजाऱ्याने खाऊ नये, आणि धडधाकट माणसाने खाल्ली तर तो आजारी पडेल!"

एकदाही न अडखळता. साबूदाण्याच्या पानावरून.

दगडूचं तोंड उघडंच राहिलं. इंग्रजी मुलखातले लोक आमच्या निजामाच्या मुलखाला मोगलाई म्हणतात, नाक मुरडून म्हणतात. आणि आबा म्हणजे ज्वारीला नावं ठेवली म्हणून सोयऱ्याला पंगतीतून उठवणारा माणूस!

आत बाज करकरली.

मग आबा दारात दिसले. चौकट धरून. किती वाळले होते ते मला उजेडात पहिल्यांदा दिसलं.

"काय म्हणलास? परत वाच."

मी परत वाचलं. पण आता अडखळलो. "मोगलाईतील ज्वारी ह-हलकी असते..."

"मघा निःसत्त्व म्हणलास. आता हलकी म्हणतूस. दे इकडं."

आबांना वाचता येत नाही. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, पानाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग ते रहीमचाचांपुढे धरलं.

"रहीमभाई, तुमी वाचा. तुमच्या तोंडून कवा खोटं ऐकलं न्हाई मी."

रहीमचाचा हैदराबादेचा अखबार घडाघडा वाचतात, पण उर्दू. बाळबोधातलं एक अक्षर त्यांना येत नाही. हे गावाला ठाऊक आहे, आणि त्यांच्याबरोबर लहानाचे मोठे झालेल्या आबांना तर आहेच.

चाचांनी हात सदऱ्याला पुसले. पुस्तक मांडीवर घेतलं. आपली उर्दू पुस्तकं उघडतात तसं मागच्या बाजूनं उघडलं. खाकरले. आणि उजवीकडून डावीकडे बोट फिरवत वाचायला लागले,

"मोगलाई की जवार में दम नै. बिलकुल नै." बोट दुसऱ्या ओळीवर गेलं. "और तूर... तूर तो उससे बी गई-गुजरी!"

आबा ते बोट बघत होते. उजवीकडून डावीकडे जाणारं. मग ते हळूहळू खाली बसले, ओसरीवरच, चाचांच्या समोर.

"तूर बी?"

"हौ. लिखेला है."

आबांनी मान वळवून आत आवाज दिला. "आगं ए! भाकरी आन. आन वरन गरम कर. ह्या पुस्तकवाल्याला दाखवतोच आता!"

आईच्या हातून पळी पडल्याचा आवाज आला. ताट आलं. आबांनी भाकरी मोडली, वरणात बुडवली आणि पहिला घास घेतला. दुसरा घेतला. तिसऱ्याला त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पण हात थांबला नाही. अर्धी भाकरी संपली तसे त्यांनी बाहीनं तोंड पुसलं आणि म्हणाले,

"रहीमभाई, बाजरीचं काय लिवलंय, ते बी वाचा की!"