अकरा गाठोडी

कुमुदमावशी गेल्याचा फोन सकाळी सात वाजता आला. मावसभाऊ श्रीकांतनं मोजकंच सांगितलं. "मावशी गेली. ट्रंक फक्त तुझ्या हातात द्यायची, असं काल सांगत होती... तू ये." लखनऊहून मी दुपारी दुर्गाघाटावर पोचले. दारात तीन पुरुष उभे होते. ते खांदा द्यायला आले असतील, असं मला वाटलं. त्यांनी ट्रंकेबद्दल विचारलं.

इथल्या मराठी घरांत बाई गेली, की तिला अंघोळ घालून नेसवायला मावशीला बोलवत. ती रेल्वेच्या कचेरीत कारकून होती, लग्न केलेलं नव्हतं आणि या कामाचा हाताला सराव होता. सवाष्णीला हिरवं, विधवेला पांढरं. यात कोणाला विचारण्यासारखं काही नव्हतं. एका विधवेनं मात्र आजारपणात तिला सांगून ठेवलं होतं, मला लाल नेसव. घरच्यांनी पांढरं हातात दिलं आणि मावशीनं तेच नेसवलं. "मेलेल्या बाईला फसवलं मी," ती पुढे म्हणायची. "ती उठून भांडणार नाही, हे मला ठाऊक होतं ना."

त्यानंतर ती बायकांना जिवंतपणीच विचारू लागली. त्या आपापले कपडे आणून देत. मावशी ते जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून, नावाची चिठ्ठी टाचून ट्रंकेत ठेवी. कोणाची नऊवारी, कोणाचा सलवार-कमीज. एकीनं पांढरंच मागितलं, तेव्हा तिची शिकलेली सून चिडली. "मावशी, तुम्हीसुद्धा? किती जुनाट हे!" मावशी म्हणाली, "तुला लाल हवं तर तुझं गाठोडं आण. हे त्यांचं आहे."

साड्यांना फॉल लावणारी शमीम बुरख्यात यायची. कोणाच्या सांगण्यावरून घालतेस, असं मावशीनं तिलाही विचारलं. शमीम हसली. "दीदी, आधे कहते हैं पहनो, आधे कहते हैं उतारो. पूछा आज आपने. हमको पसंद है."

"तो पहनो. चाय ठंडी हो रही है."

पुढे गल्लीच्या तोंडाशी काही लोक शमीमला अडवून बुरखा काढायला सांगू लागले. मावशी खाली उतरून तिला घेऊन येई आणि परत सोडूनही येई. मग एका सकाळी मावशीच्या दारावर शेण फासलेलं होतं... तिनं ते धुतलं आणि त्या दिवशीही खाली उतरली. गेल्या वर्षभरात ओळखीच्या चार बायका गेल्या. मावशीला कळवलं, ते सगळं उरकल्यावर. चौघींची गाठोडी तशीच राहिली.

ट्रंकेत सगळ्यात वर तिचं स्वतःचं गाठोडं होतं. कचेरीत जाताना नेसायची, ती राखाडी सुती साडी. मी दार लावून घेतलं आणि तिला ती नेसवली. खाली अकरा गाठोडी उरली. त्यांतल्या सात बायका अजून हयात आहेत.

याला महिना झाला. मी अजून मावशीच्याच खोलीत राहते आहे. त्या दिवशी दारात उभ्या असलेल्या तिघांपैकी एक, समोरच्या घरातला माधव, आतापर्यंत तीनदा येऊन गेला.

"ताई, आईचं सामान देऊन टाका."

"त्यांनी मागितलं तर देईन."

"आई आमची आहे ना?"

"गाठोडं त्यांचं आहे."

तो हसला. "तुम्ही किती दिवस राहणार इथं?"

त्याची आई चाळीस वर्षं पांढरं नेसते आहे. चिठ्ठीवर मावशीच्या अक्षरात लिहिलंय: जांभळी साडी, ब्लाउज नवा शिवलेला.

परवा माधवच्या आईला दवाखान्यात नेलं. गल्लीत गाडी शिरत नाही, म्हणून खुर्चीत बसवून चौघांनी उचललं. मी मावशीच्या खिडकीत उभी होते. खुर्ची खालून जाताना तिनं मान वर केली आणि माझ्याकडे बघत राहिली... मी मान डोलावली.

खुर्चीचा पुढचा पाय माधवच्या हातात होता. त्यानंही वर पाहिलं.