हौसाआत्याचा बेल

आमची हौसाआत्या बेलाच्या झाडाला हाका मारायची. पानं तोडायच्या आदी बुंध्याला हात टेकवून म्हनायची, "बिल्वा, श्रीफळा, मालूरा..." चौथं नाव लई अवघड व्हतं, ते तिलाच यायचं. मग इचारायची, "पानं घिऊ का?" आन् जरा थांबायची. झाड काय बोलायचं न्हाई. तिच्याम्होरं मी तरी कुठं बोलायचो.

राजुरीत आमच्या घरामागं ह्यो बेल. आई गेल्यावर आत्यानंच मला वाढवलं. शाळंनं मला सोडलं का मी शाळंला, ते आजून ठरलेलं न्हाई. मी म्हनायचो, "आत्या, नुसतं बेल म्हन की. एवढी नावं कशाला?"

"मुडद्या, तुला भाकरी पायजेल आसली की मला आत्याबाई, माझी माय म्हनतोस. घ्यायचं आसंल तर गोडीनं हाक मारावी."

सोमवारी ती महादेवाला बेल वाहायची, पन तोडायची रविवारीच. म्हनायची, "त्याच्या वाराला त्याच्या झाडाला नख लावू नये."

मग तिच्या पोटात गाठ निघाली. नारायणगावच्या दवाखान्यात सोमवारी सकाळी ऑपरेशन ठरलं. रविवारी मला म्हनली, "घरी जा, आपल्या झाडाचं पान तोडून ठेव, सकाळी घिऊन ये. हातात पान आल्याबिगर मी आत जायची न्हाई." आन् आत्या म्हंजी आत्या.

मी निघालो. आळेफाट्याला मिसळ दिसली, ती खाल्ली. घरी जाऊन जरा आडवा झालो. जाग आली तवा सोमवार उजाडलेला.

झाडाखाली पळालो. बिल्वा, श्रीफळा म्हनलं, तवा ध्यानात आलं, आज महादेवाचाच वार. फांदीकडं नेलेला हात मागं घेतला. तोडावं तर तिचा नेम मोडतोय, तो बी आजच. न तोडावं तर ती आत जायची न्हाई. खाली पडलेलं उचलावं तर आमच्या शेळीनं सगळं साफ केलेलं. तेवढ्यात दवाखान्यातनं नर्सबाईचा फोन. "पेशंट ऐकत नाहीये, लवकर या."

मग तिचंच बोलनं आठवलं, "बेल शिळा व्हत न्हाई. धुऊन परत वाहिला तरी चालतो." देवळात गेलो, पिंडीवरचं वाळकं पान उचललं, नळाखाली धुतलं, खिशात घातलं. गाडीवर सारखा खिसा चाचपत व्हतो. दोनदा ट्रकखाली जाता जाता वाचलो.

आत्या स्ट्रेचरवर. डॉक्टर घड्याळाकडं बघत उभे.

"कवा तोडलंस?"

"मी न्हाई तोडलं. तूच मागं तोडलेलं. पिंडीवरनं आनलं."

"धुतलं का?"

"धुतलं."

"महादेवाला इचारलं?"

ते डोक्यातच आलं न्हाई. म्हनलं, "इसरलो."

ती पोट धरून हसली. पान मुठीत घेतलं. "आसू दे. भेटला तर मी सांगीन त्याला."

दार लागलं. मी भाईर बाकड्यावर. 'भेटला तर', 'भेटला तर', एवढंच डोक्यात फिरत व्हतं. इनोद करायची सवय माजी, पन त्या दिवशी एक सुचला न्हाई. दार उघडलं तवा ती गुंगीत व्हती, मूठ तशीच मिटलेली. शुद्धीवर आल्यावर मला बघून म्हनली, "न्हाई भेटला."

त्यानंतर ती लई दिवस जगली. यंदा दिवाळीनंतर घरातच गेली, झोपंत.

आता रविवारी मी बुंध्याला हात टेकवतो. बिल्वा, श्रीफळा, मालूरा. चौथं नाव तिला इचारायचं ऱ्हाऊनच गेलं. तिथं मी हौसाआत्या म्हनतो. मग जरा थांबतो, आन् पानं घेतो.