विजयादशमीला गिरवलेले तास

अनन्या, कार्तिक, माझ्या नातवंडांनो, मागच्या महिन्यात फोनवर तुम्ही विचारलेत, माधवआजोबाने, तुमच्या हेलिकॉप्टर ताताने, उडवणे का सोडले, आणि मी चटकन म्हणाले, "त्याने पुरेसा प्रयत्नच केला नाही." हे उत्तर चुकीचे होते. ते मी तुम्हांलाच नाही, सहा वर्षे सगळ्यांना देत आले, त्याच्या तोंडावरसुद्धा. आता खरे काय ते कळले आहे, आणि फोनवर असले सांगता येत नाही, म्हणून लिहिते. तुम्हांला देवनागरी वाचता येत नाही, तुमची आई वाचून दाखवील. इंग्रजीत लिहिणे मला सोपे गेले असते, जन्मभर शाळेत तेच शिकवले. पण माधव आणि मी भांडलो ते आमच्या या तंजावुरी मराठीत, तेव्हा चूकही मराठीतच दुरुस्त करायची.

माधव माझा धाकटा भाऊ, माझ्याहून सात वर्षांनी लहान. दोन महिन्यांपूर्वी एका सकाळी सुगुणाचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, फोन आला. "अक्का, लौकर या. हे उठत नाहींत." मी राजवाड्याजवळच्या आमच्या गल्लीतून रिक्षा केली. पोहोचले तेव्हा तो ओसरीवरच्या बाकावर मागे रेलून बसला होता, एका पायात बूट, दुसरा बूट हातात. डॉक्टर येऊन गेले होते. मला रडू आले नाही. आधी राग आला, कारण आदल्या रविवारचे आमचे भांडण अर्धे राहिले होते. तो बूट घालून निघाला होता मोपेडच्या शोरूममध्ये. तिथे तो मॅनेजर होता. आणि त्या रविवारी मी सुगुणासमोर त्याला म्हणाले होते, "डोंगरांत हेलिकॉप्टर उतरवणारा माणूस मोपेडी विकतो. लाज कशी वाटत नाही तुला?" त्यावर तो हसून म्हणाला, "मोपेडला दोन चाकें असतात अक्का, हेलिकॉप्टरला कधी कधी तींही नसतात. ही बढतीच म्हण." मी कॉफीचा डबरा, ती पितळी वाटी, आपटून उठले.

तो हवाई दलात गेला तेव्हा आमच्या घरात कोणाला हेलिकॉप्टर म्हणजे नीट माहीत नव्हते. आमच्या लोकांतले पुरुष मास्तर, कारकून, फार तर तहसील कचेरीत. आई विचारायची, "त्यास पंखे वरती असतात म्हणें. मग खालीं कोण धरतें?" पहिल्या रजेला आला तेव्हा त्याने तिला ओसरीच्या खुर्चीत बसवले, उजव्या हातात केरसुणीचा दांडा उभा दिला, डाव्या हातात लाटणे दिले, आणि पायांखाली दोन पाट ठेवले. "आतां हें चारही एकदम हलवायचें, आणि हललें असें कोणास दिसतां नये. म्हणजे तें हवेंत एका जागीं उभें राहतें." आईने प्रयत्न केला आणि केरसुणी शेजारच्यांच्या अंगणात गेली. त्या दिवसापासून जेवताना मी त्याचे पाय पाहत असे. गप्पा मारता मारता टेबलाखाली त्याचे तळपाय आळीपाळीने जरा जरा दाबले जायचे. विचारले तर म्हणायचा, "सवय गे. शेपूट सरळ ठेवावें लागतें."

आता मुख्य गोष्ट. वैमानिकाजवळ एक वही असते. प्रत्येक उड्डाण तिच्यात लिहायचे: तारीख, कोणते यंत्र, किती वेळ, कप्तान म्हणून उडवले की दुसऱ्याच्या हाताखाली. ठरावीक मुदतीने वरचा अधिकारी तपासून सही करतो. त्या वहीशिवाय वैमानिकाच्या बोलण्याला काही किंमत नाही. एका वर्षी नवरात्रात तो एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी बदलीवर जाताना घरी आला, आणि ट्रंकेत ती वही होती. सरस्वती पूजेला आपल्याकडे घरातली सगळी पुस्तके देवीसमोर मांडतात आणि दुसऱ्या दिवसापर्यंत कोणी वाचायचे नाही, लिहायचे नाही, हे तुम्ही पाहिले आहे. माझी व्याकरणे, बाबांचे पंचांग, आणि आईने हट्टाने माधवची वहीही ठेवायला लावली. वर म्हणाली, "उघडी ठेव. बंद पुस्तक ती काय वाचणार?" मी उघडी ठेवली. ओवाळून झाल्यावर हळद-चुन्याच्या लाल पाण्याचे ताट आईच्या हातून कलंडले आणि नेमके त्या दोन उघड्या पानांवर गेले. फाउंटन पेनची शाई. डोळ्यांदेखत आकडे पसरले... आणि दिवस असा, की पेन उचलायचे नाही. मी नुसते टिपकागद दाबत बसले.

विजयादशमीला सकाळी माधव ओरत्तनाडूला मित्राकडे गेला होता. मुलांना पहिले अक्षर गिरवायला बसवतात तो मुहूर्त. मी भिंग घेतले, पान खिडकीसमोर धरले, आणि पुसट झालेला प्रत्येक आकडा माझ्या पेनने गिरवला. एकही चुकला नाही, हे आजही शपथेवर सांगेन. पट्टी घेऊन रेघा सरळ केल्या. खाली अधिकाऱ्याची सही अर्धी वाहून गेली होती. ती तशी अर्धवट मला बघवेना. तीही पुरी केली. मला वाटले, मी भावाला भेट देते आहे. संध्याकाळी त्याने पान पाहिले आणि म्हणाला, "अय्यो अक्का, एवढ्या सुंदर अक्षरांत मी कधी उडवलें नाहीं." आम्ही सगळे हसलो. नव्या ठिकाणी कोणी काही विचारले नाही, बेरीज पुढच्या पानावर गेली, आणि मी तर ते विसरूनही गेले.

तो निवृत्त झाला तेव्हा देशात सगळेच खुले होत होते. घरोघरी केबल, रोज नव्या कंपन्या. समुद्रातल्या तेलाच्या विहिरींवर माणसे नेण्यासाठी मद्रासच्या एका खासगी कंपनीला वैमानिक हवे होते. त्यांनी माधवला बोलावले, पारखले, पसंत केले. फक्त नागरी परवाना आणायचा होता, दिल्लीच्या ऑफिसातून. सैन्यातले उड्डाणाचे तास दाखवायचे की झाले. त्याने नवे काळे बूट घेतले, आणि सुगुणा मद्रासमध्ये घर पाहून आली. मग महिने गेले. विचारले की म्हणायचा, "फाईल फिरते आहे." पुढे एक दिवस म्हणाला, "वय झालें म्हणतात अक्का. सोडून दे." मी कशी सोडणार? त्याच्याहून मोठी माणसे उडवत होती, पेपरात वाचत होते. वर जा, मंत्र्याला लिही, मी मसुदा करून देते, असे मी दर आठवड्याला म्हणत राहिले. तो "शरी, शरी", म्हणजे बरें बरें, म्हणायचा आणि काही करायचा नाही. निमूट मानणाऱ्या माणसाची मला नेहमीच चीड आली आहे.

तुम्ही दोघे उन्हाळ्यात आलात ती दुपार आठवते का? त्याने मासिकात वाचले होते की तुमच्याकडे अमेरिकेत एक सैनिकी विमान करताहेत, पंखांच्या टोकांना मोठी पाती, ती वर तोंड करून हेलिकॉप्टरसारखी उचलतात आणि मग पुढे कलून विमानासारखी पळवतात. तुम्हांला समजावायला त्याने टेबल फॅन उताणा केला आणि हळूहळू पुढे आणला, माझ्या तपासायच्या उत्तरपत्रिका खोलीभर उडाल्या. कार्तिकने विचारले, "ताता, तू हे उडवशील?" तो म्हणाला, "आधीं दिल्लीकरांना म्हणावें, साधें तरी उडवूं द्या." तुम्ही हसलात. मी मात्र पत्रिका गोळा करता करता म्हणाले, "अर्ज कोण करणार? फॅन?"

तेराव्यानंतर सुगुणाने त्याची ट्रंक माझ्यापुढे ठेवली. "तुम्हीच लावा अक्का, तुम्हांस नीट जमतें." कागद तारखेवार लावणे हे माझे काम. तिसऱ्या फाईलीत दिल्लीचे पत्र सापडले. अमुक दोन पानांवरचे तास मान्य करता येत नाहीत, अक्षर वेगळे, शाई वेगळी, सहीवर दुसऱ्या हाताने गिरवल्याचे दिसते. नोंदी कोणी बदलल्या, केव्हा आणि का, हे त्या व्यक्तीच्या शपथपत्रासह कळवावे. कप्तान म्हणून लागणारे तास नेमके त्याच दोन पानांत होते. त्याने जुन्या युनिटला लिहिलेले पत्र होते, त्यांचे उत्तर होते की इतक्या जुन्या नोंदी नियमाप्रमाणे नष्ट केल्या. सही करणारा अधिकारी हयात नव्हता. आणि मग दिल्लीला त्याने दिलेल्या उत्तराची कार्बन प्रत: "सर्व नोंदी माझ्याच हातच्या आहेत." त्याखाली शेवटचे पत्र. अक्षर जुळत नाही. अर्ज फेटाळला. वयाचा कुठे उल्लेखही नाही.

मी सुगुणाला हाक मारली. पत्र पाहताच ती खाली बसली. "तुला माहीत होतं?" मी विचारले.

"होतें."

"आणि मी सहा वर्षं त्याला बोलत होते ते तू ऐकून घेतलंस?"

"ह्यांनी शपथ घातली होती, अक्का. तुम्ही नुकत्या हेडमिस्ट्रेस झाल्या होत्या. म्हणाले, सरकारी सही गिरवली असें अक्कानें लिहून दिलें, तर तिचें काय होईल?"

तेव्हा मला आठवले. त्याच सुमारास एका संध्याकाळी तो माझ्याकडे आला होता, नव्या पदाचा पेढा खायला. सहज बोलावे तसे विचारले, "अक्का, सरकारी कागदावर कोणी खाडाखोड केली तर तुमच्या खात्यांत काय करतात गे?" मी मुलांच्या वह्या तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "सस्पेंड करतात. आणि करायलाच पाहिजे." त्याने कॉफी संपवली, डबरा धुऊन ठेवला, आणि गेला.

मुलांनो, माझा राग अजून गेलेला नाही, आणि तो कोणावर काढावा हेही कळत नाही. त्याने एवढेच म्हणायचे होते, "अक्का, तो तू केलेला उद्योग." मी त्याच दिवशी स्टॅम्पपेपर आणला असता. सस्पेंड केले असते तर केले असते, मला पेन्शनीला चारच वर्षे होती, आणि त्याच्यापुढे उडवायची दहा होती. मला न विचारता माझ्यासाठी ठरवायचा अधिकार त्याला कोणी दिला? मी त्याची मोठी बहीण होते... मग लगेच मनात येते, की सरळ सांगता येईल अशी बहीण मी होते का? त्याने विचारून पाहिले होते. मी उत्तर दिले होते.

दुसऱ्याच दिवशी मी शपथपत्र केले. पूजेचा दिवस, कलंडलेले ताट, भिंग, पट्टी, सही, सगळे क्रमाने लिहिले, माझ्या अक्षराचा नमुना जोडला आणि दिल्लीला रजिस्टर पोस्टाने पाठवले. कशासाठी, असे सुगुणाने विचारले. निदान त्या फाईलीत तो खोटा राहू नये, एवढ्यासाठी. ऑफिसने कधी नव्हे ते महिन्याच्या आत उत्तर दिले. गेल्या गुरुवारी आले. फेरविचारासाठी अर्जदाराने स्वतः, आपल्या सहीने, अर्ज करावा. मृत्यूचा दाखला मी जोडलेला होता. कोणी पानच उलटले नाही. मी पुन्हा लिहिले आहे, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा लिहीन.

त्याच्या उड्डाणांच्या दोन वह्या माझ्या कपाटात आहेत. दुसरीची शेवटची बावीस पाने कोरी आहेत.