पट्ट्याची गाठ

अख्ख्या पुण्यात वाट पाहू शकणारी एकच व्यक्ती उरली आहे, ती म्हणजे माझ्या मुलीच्या कराटेच्या बाई. सिग्नल हिरवा झाला तरी पुढच्या आजोबांची स्कूटर सुरू होईपर्यंत त्या हॉर्न न वाजवता थांबतात. मागचे त्यांना काय काय म्हणतात ते इथे लिहिता येणार नाही, कारण त्यात एकदा मीही होतो. बिबवेवाडीतल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये, कराटेच्या पांढऱ्या पोशाखावर मरून स्वेटर घालून, त्या लक्ष न टिकणाऱ्या मुलांना शिकवतात. नियम एकच: कमरेचा पट्टा ज्याचा त्याने बांधायचा, आणि शेवटची गाठ बसेपर्यंत तास सुरू होणार नाही. माझी आठ वर्षांची लेक गाठ अर्धी सोडून पंख्याची पाती मोजायची. बाकीची पोरं तोवर हॉलभर बेडूकउड्या मारायची, आणि त्यांना वाटायचं, हेच कराटे.

लेकीचं चित्रकला, पोहणं, तबला सगळं अर्ध्यात सुटलेलं. एकदा गाडीवर मागून तिनेच विचारलं, "बाबा, मी हेपण सोडणार का?" यावर शहाण्या बापाने काहीतरी उत्तर दिलं असतं. मी पट्ट्याला टिचबटण शिवलं. वर शोभेची गाठ, आत बटण.

बाईंनी एका बोटाने पट्टा ओढला. टिच्च.

"सुबक शिवलंय," त्या म्हणाल्या. "पण अहो, लक्षाला बटण कुठे लावणार?"

दुसऱ्या दिवशी मलाही एक पट्टा मिळाला. लेकीशेजारी उभं राहून बांधायचा. खिशातला फोन वाजून माझी गाठ तिसऱ्यांदा सुटली, तेव्हा लेक हळूच म्हणाली, "बाबा, टोकाकडे बघ ना."

परीक्षेत तिचे हातपाय नीट चालले. उरला नवा पिवळा पट्टा. स्वतः बांधला तरच आपला. एक वळसा झाला आणि खिडकीत कबुतर आलं. पट्टा खाली. पुन्हा वळसा, पुन्हा कबुतर. मी उठलो.

"बसा," बाई मागे न बघता म्हणाल्या. "कबुतर जाईल. तुमचं काय करायचं?"

पाचव्या खेपेलाही कबुतर तिथेच होतं. लेकीने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि नजर पट्ट्याच्या टोकावर आणली. गाठ वाकडी बसली, पण बसली.

आता शाळेच्या बुटांच्या नाड्याही तीच बांधते. खाली बस थांबलेली असते आणि मी दारात दप्तर धरून उभा. पुढे जाणारे हात मागे घेतो. वाट पाहायला मी बाईंकडून शिकलो खरा. पण त्या नाड्या हल्ली फार लवकर बांधून होतात.