पासष्टचे एकसष्ट

आमच्या कॉम्प्युटरच्या वर्गात शिकवणाऱ्या मुलीला सगळे दीदी म्हणतात. वयाने ती माझ्या भाचीएवढी. नवा रायपूरच्या कुठल्याशा ऑफिसात नोकरी करते आणि शनिवार-रविवारी सकाळी चौबे कॉलोनीत आमच्या मराठी मंडळाच्या हॉलवर येऊन आम्हा निवृत्त मंडळींना प्रोग्रॅम लिहायला शिकवते. ती मला आंटी म्हणते, मी तिला दीदी म्हणते. रायपुरात हे चालतं. इथं वयाचा दाखला कुणी मागत नाही.

मी त्या वर्गात गेले ती मुलाच्या जुन्या लॅपटॉपमुळे. नवा घेतल्यावर त्याने जुना इथंच टाकला आणि मी त्याच्यावर विणलेला रुमाल घालून ठेवला. धूळ झटकताना दर वेळी वाटायचं, चालती वस्तू अशी झाकून का ठेवायची? मला रिकामी पडलेली वस्तू बघवत नाही, मग ती कढई असो नाहीतर लॅपटॉप. म्हणून नाव घातलं. आणि मग मला ते आवडलंच. आपण पाच ओळी लिहायच्या, बटण दाबायचं, आणि समोरच्याने मुकाट्याने सांगितलेलं करायचं, हे सुख मला संसारात कधी मिळालं नव्हतं.

पहिला वर्ग संपायला आठवडा राहिला तेव्हा दीदीने जाहीर केलं की पुढच्या वर्गात सगळ्यांना जागा नाही. प्रत्येकाने एक प्रोग्रॅम स्वतःच्या हाताने लिहायचा, पुढच्या शनिवारी सर्वांसमोर चालवून दाखवायचा. ज्याचा चालेल तो पुढे जाईल. कुणी विजेच्या बिलाचा हिशेब घेतला, कुणी पाढे. मी रोमन आकडे घेतले. मुलाच्या शाळेच्या वह्यांवर वर्षानुवर्षं मी III-ब, IV-ब लिहिलं होतं, त्यामुळे ते मला घरचे वाटले. रोमन आकडा टाकला की आपला साधा आकडा बाहेर आला पाहिजे, एवढंच काम. मला पुढच्या वर्गात जायचं होतं. आणि तेही कुणाच्या मदतीशिवाय.

कुणाच्या म्हणजे यांच्या. आमच्या यांनी सिलतऱ्याच्या कारखान्यात जन्मभर मशिनी दुरुस्त केल्या. कुठलंही यंत्र आवाजावरून ओळखतो असं यांचं म्हणणं. लॅपटॉप आवाज करत नाही, ही यांची पंचाईत. मी तो उघडला की हे चष्मा पुसत मागे येऊन उभे.

"काहून येवढा वेळ लागून राहिला? मी सांगू का?"

"तुम्ही काही सांगू नका. मले समजून राहिलं."

सुरुवातीचं तर खरंच समजलं होतं. I म्हणजे एक, V म्हणजे पाच, X दहा, L पन्नास, C शंभर. ही किमतीची यादी आधी लॅपटॉपला देऊन ठेवायची. मग आकड्यातलं एकेक अक्षर घ्यायचं आणि त्याची किंमत मिळवत जायचं. गोची फक्त IV नि IX सारख्यांची. लहान अक्षर मोठ्याच्या आधी आलं की ते मिळवायचं नाही, वजा करायचं. पण यात मला काही नवल वाटलं नाही. आपण एकोणतीस म्हणतो तेव्हा दुसरं काय म्हणतो, तीसला एक उणा. दीदीला सांगितलं तर ती मान डोलावून म्हणाली, "हव आंटी, उनतीस." म्हणजे तिच्याकडेही तेच.

तर प्रत्येक अक्षरापाशी थांबून आधी पुढचं अक्षर बघायचं. पुढचं मोठं असेल तर हे वजा, नाहीतर हे मिळवा. भाजी घेताना मी असंच करते. पुढच्या ठेल्यावरचा भाव बघितल्याशिवाय या ठेल्यावर पिशवी उघडत नाही. हे सगळं मी लॅपटॉपला लिहून दिलं, XII टाकलं, बटण दाबलं, आणि पडद्यावर लाल अक्षरं आली.

बराच वेळ बघितल्यावर कारण सापडलं. तो बिचारा शेवटच्या अक्षरापाशी पोचला होता आणि तिथंही पुढचं अक्षर शोधत होता. शेवटच्या ठेल्याच्या पुढे ठेला कुठून येणार? मग मी त्याला सांगितलं, शेवटच्या अक्षराच्या आधीच थांब. लाल अक्षरं गेली. मी खुशीत चहा टाकला.

चहा पिऊन आकडे बघायला बसले तर VI चे पाच. XII चे अकरा. XXI चे वीस. मला वाटलं वजाबाकीचा नियम उलटासुलटा झाला. तो तपासला, पुन्हा लिहिला, पुन्हा तेच. दोन दिवस त्या वजाबाकीच्या मागे लागले. पोळी करपली, दूध उतू गेलं, आणि रोज फोन करणाऱ्या मुलाला मी म्हटलं की शनिवारपर्यंत फोन करू नकोस.

गुरुवारी हे मागे उभे राहून म्हणाले, "सगळीकडं एकच तर कमी पडून राहिला. शेवटी एक मिळवून टाक. झालं."

मी ऐकायला नको होतं. पण शनिवार डोक्यावर आला होता आणि माझा धीर सुटला होता. मिळवला एक. VI चे सहा आले, XII चे बारा, XXI चे एकवीस. यांनी बनियनला नसलेली कॉलर ताठ केली. म्हणाले, कारखान्यात अशीच कामं निघतात, उगाच मशीन खोलत बसायचं नसतं.

मला वाटलं, आता आपलं वय टाकून बघू. पासष्ट म्हणजे LXV. बटण दाबलं तर एकसष्ट.

"चांगलं तर आहे," हे म्हणाले. "चार वर्षांनी लहान झाली. राहू दे तसंच."

मग X टाकला, तर दहाचा एक. माझा राग नाकावर असतो, हे सगळ्या कॉलोनीला माहीत आहे. मी यांचा एक तिथल्या तिथे पुसून टाकला, लॅपटॉप बंद केला, त्याच्यावर तो जुना रुमाल घातला आणि सांगितलं की शनिवारी मी जाणारच नाही. हे बाहेर जाऊन झाडांना पाणी घालू लागले. मी स्वयंपाकघरात उभी राहून थोडी रडले. पासष्टाव्या वर्षी रोमन आकड्यांसाठी रडू येतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

शुक्रवारी दुर्गहून नणंद, तिचे यजमान आणि भाची यायचे होते. आधीच ठरलेलं. सकाळी मी वडाभाताची तयारी करत होते तेव्हा हे पिशवी घेऊन निघाले आणि दारातून विचारलं, "खव्याच्या जिलब्या आणतो. डॉक्टरानं प्रत्येकाले एकच सांगितली आहे. किती आणू?"

मी डाळ वाटता वाटता मोजलं. ताई, भाऊजी, भाची, हे. "चार आणा."

दुपारी पानं घेतली. भाची बावीस वर्षांची, मराठी सगळं समजते, उत्तर मात्र हिंदीत देते. तिनेच ताटं मांडली, भात वाढला, त्यावर वडे कुस्करून वरून तेल घातलं, मग जिलब्यांचं खोकं उघडून एकेक वाढत गेली. खोकं रिकामं झालं तशी ती माझ्याकडे वळून म्हणाली, "मामी, आपकी?"

मी खोक्यात बघितलं. मला खव्याची जिलबी अतिशय आवडते. कुणी नाही म्हटलं तर मी त्याची पण खाते. त्यामुळे माझा पारा चढला.

"तुम्ही चारच काहून आणल्या?"

"तूच तर चार सांगितल्या," हे म्हणाले. खरं बोलत होते.

नणंद हसायला लागली. "अगं, मीही असंच करते. घरात किती जण विचारलं की स्वतःले सोडूनच सांगते."

सगळे हसले. मीही हसले, आणि हसता हसता वाढायचा डाव हातातच राहिला. शेवटच्या अक्षराआधी थांब, असं मीच लॅपटॉपला सांगितलं होतं. तो थांबत होता. शेवटचं अक्षर तो मोजतच नव्हता. VI मधला I, XII मधला शेवटचा I, LXV मधला V, सगळे माझ्यासारखे ताटाबाहेर उभे होते. वजाबाकी पहिल्यापासून बरोबर होती. मी दोन दिवस उगाच तिला छळलं.

"बसा तुम्ही, मी आलेच," म्हणत मी हात पुसत आतल्या खोलीत गेले. रुमाल बाजूला केला. एकच ओळ लिहायची होती. सगळी अक्षरं विचारून झाली की शेवटचं न विचारता मिळवून टाक. त्याच्या पुढे कुणी नाही, त्यामुळे ते वजा व्हायचा प्रश्नच नाही. LXV टाकलं.

पासष्ट.

मी खुर्चीत बसून त्या आकड्याकडे बघत राहिले. स्वतःचं वय बघून इतका आनंद मला कधी झाला नव्हता. बाहेरून यांनी हाक मारली, भात निवून राहिला म्हणून. मी गेले तर माझं ताट वाढलेलं होतं आणि त्यात यांच्या जिलबीचा अर्धा तुकडा होता.

शनिवारी पाहुणे मंडळीही हट्टाने हॉलवर आली. माझी पाळी आली. दीदीने XLIX टाकायला सांगितलं. एकोणपन्नास आले. मग तिने नुसता C टाकायला लावला, एकटाच. ती कुठे पकडू बघत होती ते मला कळलं. शंभर आले.

ती वाकून माझा प्रोग्रॅम वाचू लागली. मग बोट ठेवून म्हणाली, "ये आखिरी वाला अलग से क्यों जोड़ा, आंटी?"

"उसके आगे कोई नहीं है ना, दीदी. तो उससे क्या पूछना. वो तो जुड़ेगा ही."

ती हसली. "किसी ने मदद की?"

मागच्या खुर्चीवरून हे खाकरले. हे उभे राहिले आणि आपल्या सिलतऱ्याच्या हिंदीत गंभीरपणे म्हणाले, "नहीं मॅडम. हमने तो सिर्फ बिगाड़ा था."

हॉल हसला. दीदीने माझ्याकडे बघून अंगठा वर केला, म्हणाली पुढच्या रविवारी वेळेवर या, वही आणा. मी "हव" म्हटलं.

बाहेर पडल्यावर भाचीने माझा हात घट्ट धरला होता. दीदीही आमच्याबरोबर कोपऱ्यावरच्या चहाच्या ठेल्यापर्यंत आली. हे खिशात हात घालून ठेल्यापाशी जाऊन उभे राहिले आणि तिथून विचारलं, "किती सांगू?"

"सहा," मी म्हटलं.

हे वळून बोट फिरवत मोजू लागले. ताई, भाऊजी, पोट्टी, दीदी, मग स्वतःच्या छातीवर बोट. "पाचच तर होऊन राहिले."

"मले धरून," मी म्हटलं. "आणि माझ्यात साखर टाकाले सांगा."